एक पाऊल जमिनीवर

उतारवयांतील मनुष्यास अपघाताचें भय वाटतें तें रस्त्यावर. परंतु पुष्कळ अपघात त्याच्या स्वतःच्या घरांत, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर किंवा उंबरठ्यापाशींच होतात. पाय घसरतो, तोल सांवरत नाहीं, आणि खुब्याचें हाड मोडतें. हाड पुढें सांधलें जातें. मनांत शिरलेली भीति मात्र सहजासहजीं निघत नाहीं. पुन्हां पडूं या भीतीनें माणूस हिंडणें कमी करतो. हिंडणें कमी झालें म्हणजे पाय दुबळे होतात. आणि पाय दुबळे झाले म्हणजे पडण्याचा संभव अधिकच वाढतो. हें दुष्टचक्र मोडण्याचा एक सुलभ उपाय म्हणजे सौम्य सामुदायिक व्यायामाचे वर्ग.

या वर्गांचा उगम पाहिला म्हणजे ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. इ. स. १९६८ मध्यें डॉ. केनेथ कूपर या अमेरिकन डॉक्टरांनीं ‘एरोबिक्स’ नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि हृदय व फुप्फुसें यांना सतत काम देणाऱ्या व्यायामाचें महत्त्व सामान्य जनांच्या ध्यानीं आणून दिलें. पुढें त्या व्यायामास संगीताची व नृत्याची जोड मिळाली. परंतु त्यांत उड्या फार असत. धांवतांना पाऊल टेकतें त्या क्षणीं पायावर देहाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. चालतांना तो वजनाहून थोडासाच अधिक असतो. नडग्या व गुडघे दुखूं लागल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हां १९८० नंतरच्या दशकांत निराळी पद्धति रूढ झाली. तिचा मुख्य नियम असा कीं, कोणत्याहि क्षणीं निदान एक पाऊल जमिनीवर असावें. येथें कमी होतो तो आघात, श्रम नव्हे. पावलें लांब टाकून व हात खांद्यांच्या वर नेऊन हृदयाची गति पुरेशी वाढवितां येते.

अशा वर्गाचीं अंगें तीन. पहिलें दमाचें. प्रारंभीं पांच-दहा मिनिटें अंग मोकळें केल्यावर तालावर जागच्या जागीं चालणें, एक पाऊल बाजूस टाकून दुसरें त्यास मिळविणें, टांच पुढें टेकविणें, अशा क्रिया चालतात. श्रमाचें माप घेण्यास यंत्र लागत नाहीं. बोलतां यावें, परंतु गातां येऊं नये, इतपत दम लागला म्हणजे प्रमाण योग्य समजावें.

दुसरें अंग बळाचें. खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां उठणें व सावकाश बसणें, भिंतीस तळहात लावून रेटणें, रबराची पट्टी ताणणें, हे त्याचे प्रकार होत. यांतील पहिला दिसतो साधा. परंतु मांड्यांच्या ज्या स्नायूंच्या जोरावर माणूस जिना चढतो व पाटावरून उठतो, त्यांचीच त्यांत कसोटी लागते.

तिसरें अंग तोलाचें. आणि एरवीं उपेक्षा होते ती याचीच. डोळे, कानाच्या आंतील भागांतील इंद्रिय आणि तळपाय व सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदना, या तिहींच्या मेळानें मेंदू देह उभा राखतो. हा मेळ सरावानें सुधारतो. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एका पायावर उभें राहणें, किंवा एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टांच लावीत सरळ रेषेंत चालणें, हाच तो सराव.

या उपायाचें फळ मोजून पाहिलेलें आहे. न्यूझीलंडमधील डुनेडिन येथें ८० वर्षें व त्यापुढील वयाच्या २३३ स्त्रियांचे दोन गट करून एका गटास घरच्या घरीं बळाचा व तोलाचा व्यायाम शिकविण्यांत आला. १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें, वर्षभरांत त्या गटांतील स्त्रिया एकंदर ८८ वेळां पडल्या. दुसऱ्या गटांतील १५२ वेळां. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनांतहि ६५ वर्षांपुढील माणसांनीं आठवड्यांतून निदान तीन दिवस तोल व बळ यांवर भर देणारा संमिश्र व्यायाम करावा, असें सांगितलें आहे.

मग समुदाय कशासाठीं? डुनेडिनच्या स्त्रियांनीं तर तो घरींच केला. व्यायाम एकट्यानें केला तरी गुण येतो, हें खरेंच. पण एकट्याचा नेम चार दिवसांत मोडतो. आणि नेम मोडला कीं गुणहि जातो. आपली जागा रिकामी दिसल्यास चारचौघें विचारतील, एवढ्या जाणिवेनें कित्येकांचें पाऊल घराबाहेर पडतें. शिवाय चुकलेली ठेवण शिक्षकाच्या नजरेस येते.

कांहीं पथ्यें अवश्य पाळावीं. हृदयविकार, रक्तदाब किंवा चक्कर यांची तक्रार असेल त्यानें आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पायांत न घसरणारे बूट असावेत, जमीन कोरडी असावी, तोलाच्या व्यायामावेळीं आधार हाताशीं असावा. छातींत दुखूं लागल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

या वर्गांतून कोणी मल्ल होऊन बाहेर पडत नाहीं, आणि तसा उद्देशहि नाहीं. रात्रीं अंधारांत उठलेल्या वृद्धाचा पाय अडखळला असतां दुसरा पाय वेळेवर पुढें यावा, आणि सकाळीं त्यानें नेहमीप्रमाणें स्वतःच्या पायांनीं देवळापर्यंत जाऊन यावें, एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप आहे.