स्नोमोबाईलची दोरी ओढून हात भरून आले, तरी इंजिन सुरू होईना? पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय!

गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी स्नोमोबाईल पाहिली असेलच. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रुंद पट्टा आणि बर्फावरून सुसाट पळणारी गाडी. आपल्यासाठी ती दहा-पंधरा मिनिटांची मजा. पण कॅनडाचा उत्तर भाग, अलास्का, फिनलंडचं लॅपलँड इथे ती रोजच्या कामाची गाडी आहे. रेनडिअरचे कळप सांभाळणारे सामी लोकसुद्धा हीच वापरतात.

या गाडीच्या जन्मामागे एक दुःखद घटना आहे. १९३४ च्या हिवाळ्यात क्यूबेकमधल्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, त्याला हॉस्पिटलपर्यंत नेता आलं नाही आणि तो गेला. बर्फावर चालणाऱ्या गाडीवर बॉम्बार्डिए आधीपासून काम करतच होते. पुढे १९५९ मध्ये त्यांची छोटी ‘स्की-डू’ बाजारात आली आणि स्नोमोबाईल सामान्य माणसाच्या अंगणात पोहोचली.

अशी गाडी वस्तीपासून वीस किलोमीटरवर, उणे २० अंशात बंद पडली तर?

बहुतेक जण एकच गोष्ट करतात. चोक ओढायचा आणि दोरी खेचत राहायचं. नेमकी इथेच चूक होते.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. वजनाने साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, असं मिश्रण इंजिनाला लागतं. कडाक्याच्या थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला चोक देऊन जास्तीचं पेट्रोल आत सोडतात. तेवढ्यात इंजिन पेटलं तर ठीक. नाही पेटलं, तर प्रत्येक ओढीबरोबर आणखी पेट्रोल आत जातं, प्लग ओला होतो आणि ओल्या प्लगमधून धड ठिणगी पडत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आधी खालच्या क्रँककेसमधून फिरून वर जातं, त्यामुळे जादा पेट्रोल तिथेही साचून राहतं. जुन्या बजाज स्कूटरवाल्यांना तिरकी करून पेट्रोल पुढे ढकलायची सवय. इथलं दुखणं बरोबर उलटं आहे.

मग ओळखायचं कसं? आधी लाल बंद-बटण आणि चालकाच्या जॅकेटला अडकवायची सुरक्षा दोरी जागेवर आहे ना, ते बघा. यात हसण्यासारखं काही नाही, मुरलेले लोकही हे विसरतात. त्यानंतर वास घ्या. पेट्रोलचा उग्र दर्प येत असेल आणि काढलेला प्लग ओला निघाला, तर इंजिन ‘ओव्हर’ झालंय. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचतच नाहीये, म्हणजे दुखणं वेगळं.

ओव्हर झालं असेल तर आधी चोक बंद करा. इंधनाचा कॉक असेल तर तोही बंद करा. आता थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि दहा-बारा वेळा दोरी ओढा. भरपूर हवा आत जाते आणि साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. इंजेक्शनवाल्या बऱ्याच नव्या मॉडेल्समध्ये थ्रॉटल पूर्ण दाबून स्टार्टर मारला की संगणक पेट्रोल सोडणंच थांबवतो. पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत तसं लिहिलंय का, ते पाहून घ्या. एक मात्र लक्षात ठेवा. इंजिन पेटताच थ्रॉटल लगेच सोडायचा. नाहीतर क्लच पकडतो आणि गाडी झेप घेते. तेव्हा गाडीसमोर कुणीही उभं राहू नये.

एवढ्यानेही झालं नाही तर प्लग काढा. बहुतेक गाड्यांना दोन असतात. वायर धरून नाही, टोपी धरून ओढा. प्लग पुसून कोरडे करा. कोरडा जोड जवळ असेल तर उत्तमच, आणि तो आतल्या खिशात ठेवलेला असेल तर कोमटही राहतो. प्लग लावण्याआधी उघड्या छिद्रांतून पेट्रोल बाहेर काढण्यासाठी पुन्हा काही वेळा दोरी ओढतात. हाच सगळ्यात धोक्याचा टप्पा. छिद्रांतून पेट्रोलचा फवारा उडतो आणि मोकळ्या वायरीतून ठिणगी पडली तर भडका उडतो. म्हणून लाल बटण बंद ठेवा, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वायरी अर्थ करा, तोंड बाजूला ठेवा. सिगारेट तर लांबच.

थंडीचे दोन धोके सहसा कुणी सांगत नाही. उणे २० अंशातही पेट्रोल गोठत नाही, ते तेवढंच थंड द्रव असतं. उघड्या हातावर सांडलं तर काही क्षणांत हिमदंश होऊ शकतो, त्यामुळे हातमोजे काढू नका. दुसरा धोका घामाचा. जोर लावून दोरी खेचली की आतले कपडे भिजतात आणि थांबल्यावर तेच ओले कपडे अंगातली ऊब काढून घेतात. दहा ओढी झाल्या की पाच मिनिटं थांबा. साचलेलं पेट्रोल उडून जायलाही वेळ मिळतो. दोरी मध्येच घट्ट अडकली तर मात्र जोर लावू नका. सिलेंडर पेट्रोलने भरलेला असू शकतो, आधी प्लग काढा.

गाडी सुरू झाली की थोडा वेळ पांढरट-निळा धूर ओकेल, अडखळेल. साचलेलं ऑईल जळत असतं, घाबरायचं कारण नाही. कॉक बंद केला होता, तो उघडायला विसरू नका. शंभर मीटरवर पुन्हा बंद पडण्याचं तेच नेहमीचं कारण.

हा त्रास वारंवार होत असेल तर कार्ब्युरेटर उघडून बघायला हवा. त्यातल्या सुईच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा बर्फाचा कण अडकला की पेट्रोल थांबतच नाही. आणि स्नोमोबाईल ट्रेलरवरून नेताना कॉक उघडा राहिला, तर रस्त्याच्या धक्क्यांनी फ्लोट हलत राहतो आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत इंजिन ओव्हर झालेलं असतं.