एका वेलीवर एकच भोपळा

२०२३ साली कॅलिफोर्नियात १,२४७ किलोचा भोपळा तोलला गेला. ती जात वेगळी, हवा वेगळी. पण नियम आपल्या परसातही तोच. पानं उन्हावर साखर बनवतात, ती फळांत वाटली जाते. चार फळं, तर चार वाटे.

मग सिंधुदुर्गात काय करायचं? जांभी माती पाणी धरत नाही, म्हणून भरपूर शेणखत घाला. बी भातकापणीनंतर लावा. पावसात फुलं भिजतात, फळ धरत नाही. मादी फुलाखाली इवलासा भोपळा दिसतो बघा. सकाळीच नर फूल तोडून त्यावर टेकवा. फळं धरली, की सगळ्यात जोमदार एक राखा, बाकीची खुडा. नवखा माणूस नेमका इथेच अडतो. धरलेलं फळ त्याला तोडवत नाही, आणि शेवटी हाती चार मध्यम भोपळे येतात.