समुद्रकांठची शिदोरी

नाताळची सुटी संपून सहलींचे दिवस आले कीं वर्गावर्गांतून एकच प्रश्न ऐकूं येतो: "डब्यांत काय आणणार?" ठिकाण कोणतें, गाडी किती वाजतां सुटावयाची, भरती केव्हां आणि ओहोटी केव्हां, याची चौकशी शिक्षकांनीं करावी, विद्यार्थ्यांचें सारें चित्त डब्यांत गुंतलेलें असतें. यांत आम्हांस वावगें कांहींच दिसत नाहीं. मोकळ्या हवेंत चारजणांत बसून खाल्लेल्या घासाची गोडी घरच्या पाटावर येत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु दोन गोष्टी आम्हांस वर्षानुवर्षें खटकत आल्या आहेत. एक ही कीं, सहलीच्या दुसऱ्या दिवशीं वर्गांत दोनचार बाकें रिकामीं दिसतात आणि पालकांच्या चिठ्ठींत पोट बिघडल्याचें कारण लिहिलेलें असतें. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. बेकरींतले मलईचे पदार्थ आणि रंगीत पाकिटें भोंवतीं उघडलीं जात असतां एखादा मुलगा आपली भाकरी आणि ठेचा रुमालाखालीं झांकून, पाठ फिरवून खातो. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध आहे, असें आमचें मत आहे. तो कसा, हें येथें सांगावयाचें आहे.

अन्न नासतें म्हणजे काय होतें, हें आधीं पाहूं. हवेंत, हातांवर, भांड्यांवर सूक्ष्म जंतु सर्वत्र असतात. त्यांना वाढावयास मुख्यतः ओल, ऊब आणि अवधि हीं तीन लागतात. ५ आणि ६० अंश सेंटिग्रेड यांच्या दरम्यानची उष्णता त्यांना मानवते, आणि उन्हांत ठेवलेल्या डब्याच्या आंत नेमकी तीच असते. शिजविलेलें ओलसर अन्न अशा उबेंत दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर तापली असेल तर एक तासापेक्षां अधिक नको, असा आरोग्यशास्त्रज्ञांचा दंडक आहे. आतां सकाळीं सहाला भरलेला डबा दुपारीं एकला उघडावयाचा, म्हणजे सात तास झाले! बर्फाची पेटी प्रत्येकाजवळ कोठून असणार? तेव्हां ऊब आणि अवधि यांवर आपला फारसा इलाज चालत नाहीं. राहतां राहिली ओल. ती उडवून लावावी, किंवा मीठ-साखरेनें बांधून टाकावी, किंवा तिला इतकी आंबट करावी कीं जंतूंना तिचा उपयोग होऊं नये. आपल्या आज्या-पणज्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र पाहिलें नव्हतें. पण शिदोरी बांधण्याची त्यांची विद्या या तीन युक्त्यांवरच उभारलेली आहे.

पहिल्या युक्तीचा नमुना म्हणजे आपली भाकरी. तव्यावर आणि मग निखाऱ्यावर भाजतांना तिच्यांतील पुष्कळसें पाणी निघून जातें. सोलापूरकडे तिला आणखी वाळवून कडक भाकरी करतात. ती पापडासारखी मोडते आणि कित्येक दिवस टिकते. तिच्या जोडीची शेंगाचटणीही तशीच: भाजलेले दाणे, लसूण, तिखट व मीठ एकत्र कुटलेलें, पाण्याचा थेंब नाहीं. दशमींत पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजवितात. जुन्या सोंवळ्याच्या घरांत प्रवासाला दशमी चालते, पोळी चालत नाहीं, असा संकेत होता. त्याचें मूळ धर्मांत असो वा नसो, दुधांतील स्निग्धांशानें दशमी दुसऱ्या दिवशींही मऊ राहते, एवढें खरें. गुजराथी कुटुंबांतील ठेपला याच कुळांतला. कणकेंत मेथी, हळद, तिखट, थोडें दहीं आणि सढळ तेल घालून तो लाटतात, आणि लांबच्या आगगाडीच्या प्रवासांत गुजराथी मंडळींचा डबा उघडला कीं त्याचा वास सर्व डब्यांत दरवळतो. आमच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या तर उकळत्या तेलांतून निघालेल्या. त्यांतली ओल तेलानेंच हांकून दिलेली असते. मात्र पुरीबरोबर कांदा व ओलें खोबरें घातलेली बटाट्याची भाजी दिली कीं सारी कमाई वाया जाते. भाजी हवीच असेल तर ती परतून कोरडी केलेली असावी, व वर लिंबू पिळावें.

येथें एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण बहुतेक घरीं ती चुकते. गरम पोळी किंवा पुरी तशीच डब्यांत घालून झांकण लावूं नये. वाफेचें पाणी होऊन तें झांकणाच्या आंतून थेंबाथेंबानें खालीं पडतें, आणि एवढ्या कष्टानें घालविलेली ओल परत डब्यांत येते. फडक्यावर पसरून पूर्ण निवूं द्यावें, मगच बांधावें.

भाताविषयीं आम्हांस अधिक लिहावेसें वाटतें, कारण सर्वांत मोठा धोका त्यांत आहे आणि तो कोणास ठाऊक नसतो. तांदुळावर एका जातीच्या जंतूचे बीजाणु असतात, ते भात शिजला तरी मरत नाहींत. रात्रीं केलेला पुलाव मोठ्या पातेल्यांत झांकून ठेवला कीं तो हळूहळू निवत जातो. त्या ओलसर उबेंत बीजाणु जागे होऊन वाढतात आणि एक विष तयार करतात. सकाळीं तोच पुलाव कितीही कडकडीत तापविला तरी तें विष नष्ट होत नाहीं. वास येत नाहीं, चव बदलत नाहीं, आणि एक ते सहा तासांत मुलें ओकूं लागतात. रिकाम्या बाकांपैकीं किती या रात्रीच्या पुलावाच्या खात्यावर जमा धरावीं, याचा पालकांनींच विचार करावा.

मग भात खाणाऱ्या प्रांतांनीं सहलीला जाऊंच नये काय? तमिळ देशांत याचें उत्तर फार सुंदर सांपडतें. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशीं, म्हणजे ऑगस्टच्या आरंभीं, कावेरीला नवें पाणी आलेलें असतें; त्या दिवशीं कुटुंबेंच्या कुटुंबें नदीकांठीं जातात आणि बरोबर नेलेले नाना प्रकारचे भात तेथें बसून खातात. त्यांत चिंचेचा भात असतो, लिंबाचा असतो, दहीभात असतो. हे तिन्ही आंबट आहेत, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. चिंचेचा कोळ तिळाच्या तेलांत आटवून, त्यांत मोहरी, मिरची, दाणे घालून तो निवलेल्या मोकळ्या भातास चोळतात. आंबटपणा जंतूंना वाढूं देत नाहीं. दहीभाताची युक्ति तर याहून चतुर आहे. सकाळीं भातांत दूध अधिक आणि दहीं चमचाभरच घालतात. डबा उघडेपर्यंत त्या दुधाचें भातांतच दहीं लागतें, आणि दुपारीं तो ताजा व बेताचा आंबट लागतो. चांगल्या जंतूंकडून वाईट जंतूंना अटकाव करविण्याचा हा प्रकार आहे. इडलीलाही तेथें ओली चटणी न देतां डाळ-मिरचीची कोरडी पूड तेलांत कालवून चोळतात व तशीच शिदोरीला बांधतात. खोबऱ्याची ओली चटणी ही घरच्या ताटांतली राणी खरी, पण प्रवासांत तिच्याइतकी लवकर रुसणारी दुसरी कोणी नाहीं.

बिहारांतला सातू या सर्वांवर ताण करतो. भाजलेल्या हरभऱ्यांचें हें पीठ पुरचुंडींत बांधून मजूर कोठेंही नेतो, आणि भूक लागली कीं पाणी, मीठ, हिरवी मिरची व कांदा घालून तेथेंच कालवितो. ओल जेवणाच्या क्षणींच भेटावयाची, तोपर्यंत नाहीं.

आतां समुद्राकडे वळूं; कारण डोंगरावर चालणारें सर्वच वाळूवर चालत नाहीं. समुद्रावरील हवा दमट असते, आणि हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली म्हणजे मीठ स्वतःच पाणी ओढूं लागतें. त्यामुळें पातळ पोह्यांचा खमंग चिवडा डबा उघडल्यापासून थोड्याच वेळांत सादळतो, चकली चिवट होते, आणि गुळाची चिकी बोटांस चिकटते. अशा वस्तु लहान लहान डब्यांतून न्याव्या व एकेक डबा उघडून संपवावा. मुंबईच्या चौपाटीवरील भेळवाला हें शास्त्र उत्तम जाणतो: कुरमुरे, शेव, कांदा, चटण्या वेगवेगळ्या, आणि गिऱ्हाईक समोर उभें राहिल्यावरच सर्वांची गांठ. त्यानें सकाळीं घरूनच भेळ कालवून आणली तर कोण घेईल? मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, मरीना किनाऱ्यावर संध्याकाळीं उकडलेल्या वाटाण्यांत कैरीच्या व खोबऱ्याच्या फोडी घालून सुंदल विकतात. तेंही संध्याकाळपुरतें केलेलें असतें. वाळूचा उपद्रव निराळाच. वारा सुटला कीं उघड्या ताटांत ती अगत्यानें हजर होते. म्हणून एका हातांत मावणारा, गुंडाळून खातां येणारा पदार्थ समुद्रावर श्रेष्ठ. ठेपल्यांत कोरडी चटणी घालून केलेली गुंडाळी किंवा दशमींत गूळ-तूप, यांपुढें आम्हांस दुसरें सुचत नाहीं. केळें तर सालीसकट येतें. त्याला वाळूही कांहीं करूं शकत नाहीं.

पाण्यांत खेळून आलेल्या मुलांचे हात स्वच्छ झाले असें समजूं नये. हात धुण्यास गोडें पाणी वेगळें न्यावें, आणि पिण्यास प्रत्येकीं दोन लिटर तरी असावें, कारण खाऱ्या पाण्यांत डुंबून व उन्हांत धांवून तहान फार लागते. कोंकणांतलें कोकमाचें सरबत येथें अमृतासारखें. कोकमाचें मिठांतलें आगळ बाटलींत न्यावें आणि तेथें पाण्यांत मिसळावें; सोलकढी मात्र नेऊं नये, तिच्यांतील नारळाचें दूध उन्हांत पाहतां पाहतां फिरतें. शहाळें किनाऱ्यावर मिळालें तर याहून बरें काय? फोडल्याबरोबर प्यावें.

मत्स्याहारी वाचक आमच्यावर रागावले असतील. त्यांना आम्ही सुकटीची चटणी किंवा भाजलेले सुके बोंबील व भाकरी सुचवितों. कोंकणच्या कोळ्यांनीं ऊन आणि वारा यांवर टिकविलेलें हें धन आहे. गोमंतकांत ताडी-माडीच्या शिरक्यांत मुरविलेलें कोळंबीचें बालचांव करतात. तेंही आंबट-खारट असल्यामुळें टिकतें. पण ताजा बांगडा घेऊन तो उन्हांत पडूं दिला आणि मग तळला, तर त्यांत उत्पन्न झालेला एक दाहक पदार्थ तळण्यानेंही जात नाहीं. अंगावर लाली येते व डोकें दुखूं लागतें. बांगडा बर्फांतून काढून थेट तव्यावर जावा.

ज्यांना डब्याची कटकटच नको त्यांनीं हिंवाळ्यांत रायगड जिल्ह्याची पोपटी करावी. मातीच्या मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा व बटाटे भरून तोंडांत पुन्हां पाला कोंबतात, मडकें उपडें ठेवतात आणि भोंवतीं जाळ करतात. पाणी नाहीं, तेल नाहीं. शेंगा स्वतःच्याच ओलीवर शिजतात आणि त्या पाल्याचा उग्र सुवास त्यांना लागतो. अग्नीवरून थेट हातांत आलेल्या या अन्नास नासावयास सवडच मिळत नाहीं. बंगालांत मुलें थंडींत झाडांखालीं खिचडी शिजवितात, त्याला चडुइभाति म्हणतात. चडुइ म्हणजे चिमणी. जाळ शिक्षकांच्या देखत व्हावा, आणि निघतांना पाण्यानें विझवावा, एवढेंच.

पाकिटांतल्या कुरकुरीत कापांविषयीं अन्याय करावयाचा नाहीं. ते नासत नाहींत, हें आम्ही मान्य करतों. पण त्यांतलें मीठ तहान वाढवितें आणि पोट भरत नाहीं. मलईचे बेकरीचे पदार्थ मात्र समुद्रावर आणूंच नयेत. सायंकाळीं पांच वाजतां, परतीच्या गाडीची वाट पाहतांना, ज्याच्याजवळ निःशंक खाण्याजोगें कांहीं उरलेलें असतें तो तो रुमालाखालीं भाकरी झांकणारा मुलगा होय, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. आपल्या पुराणांतल्या गोपाळांनीं यावर तोड काढलेली होती: सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र करून त्यांचा काला करावयाचा. वर्गनायकांनीं मोठीं केळीचीं पानें अंथरून, सर्वांचे डबे मध्यें मांडून, चमच्यानें वाढण्याची रीति पाडली तर कोणाचा डबा कोणता हा प्रश्नच उरणार नाहीं.

पानांचा आणखी एक उपयोग आहे. महाराष्ट्रांत २०१८ सालीं व सर्व देशांत १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून फेंकावयाच्या प्लास्टिकच्या पुष्कळ वस्तूंवर बंदी आली. तरी किनाऱ्यांवर त्या दिसतातच. सांडलेल्या अन्नानें कुत्रे व कावळे किनाऱ्यावर जमतात, आणि रत्नागिरी जिल्ह्यांत वेळाससारख्या ठिकाणीं, जेथें समुद्रकासवें वाळूंत अंडीं घालतात, तेथें हेच कुत्रे घरटीं उकरतात. केळीच्या साली, पत्रावळी, उरलेला घास, सर्व एका पिशवींत भरून गांवांतल्या उकिरड्यापर्यंत न्यावें. शेवटीं बसावयाचें फडकें झाडतांना वारा कोणीकडून येतो तें आधीं पाहावें. शेजारच्या मंडळींचें जेवण कदाचित् अजून चाललेलें असतें.