सतरा सेकंद: संग्रहालयात आपण नेमकं काय बघतो?

परीक्षा असो की विद्यापीठातलं काम, सावलीहून नागपूरला गेलं की कधी कधी दोन तास मोकळे मिळतात. मग कुणीतरी म्हणतं, चला, अजब बंगला बघून येऊ. सिव्हिल लाइन्समधलं हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. शिल्पं, चित्रं, शस्त्रं, आदिवासी जीवनाचं दालन... दोन तासांत सगळं बघून ‘होतं’. पण तुम्हाला संशोधन करायचं असेल तर बाहेर पडताना स्वतःला विचारा: मी नेमकं काय बघितलं?

बघणं मोजता येतं का? थोडंफार येतं. जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एकेका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात ते मोजलं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वेळ आली २७.२ सेकंद, मध्यक मात्र १७ सेकंद.

दोन आकडे वेगळे का? समजा, पाच जण एका चित्रासमोर ५, १०, १७, २० आणि ८४ सेकंद थांबले. (हे आकडे समजावण्यासाठी मी घेतलेत, अभ्यासातले नाहीत.) बेरीज १३६, भागिले ५, म्हणजे सरासरी २७.२. पण चढत्या क्रमात मधला आकडा १७, तोच मध्यक. म्हणजे काय, तर एकट्या ८४ सेकंदवाल्याने सरासरी वर ओढली. बाकी चौघं २० सेकंदांतच पुढे सरकले. वेळ, उत्पन्न, जमीनधारणा अशा एका बाजूला ताणलेल्या माहितीत नुसती सरासरी देऊ नका, मध्यकही द्या.

पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असाच अभ्यास पुन्हा झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी आली २८.६३ सेकंद. मधल्या काळात हातात मोबाईल आले, लोक चित्रासोबत सेल्फी काढू लागले, तरी सरासरी जवळपास तीच. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या लोकांवर तेच मोजून बघणं म्हणजे पुनरावृत्ती. निष्कर्षावरचा भरवसा वाढतो तो अशाने.

मग ‘पर्यटकांना कला कळत नाही’ असं यातून सिद्ध होतं का? अजिबात नाही. मोजला तो वेळ, समज नव्हे. जे मोजलं नाही त्याबद्दल ठाम बोललात की मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

आता तुमचे दोन तास. सगळं संग्रहालय खुशाल फिरा, पण एक शिल्प निवडा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. वहीत तीन रकाने पाडा: ‘मला दिसलं’, ‘पाटीवर लिहिलंय’, ‘मला वाटतं’. पाटी शेवटी वाचा. ‘उजवा हात तुटलेला’ हे दिसलं. ‘आक्रमणात तोडला असावा’ हे वाटलं. हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की प्रबंध कच्चा राहतो, मग भाषा कितीही भारी असो.

यानंतर वैनगंगा ओलांडून मार्कंड्याला जा. तिथली शिल्पं अजून मंदिराच्या भिंतींवर आहेत. मूर्ती किती उंचीवर आहे, तिचं तोंड कुठल्या दिशेला, शेजारी कोण, ऊन कधी पडतं, हे सगळं तिथे दिसतं. संग्रहालयातला दगड एकटा असतो. ही माहिती त्याच्यासोबत आपोआप येत नाही. म्हणून त्याचं मूळ मंदिरातलं स्थान तुम्ही नुसत्या बघण्यावरून सांगू शकत नाही, त्यासाठी नोंदी शोधाव्या लागतात.

नोंदीत जिथे रिकामी जागा सापडेल, तिथे तुमचा संशोधनाचा प्रश्न असू शकतो. नागपूरला जायला जमत नसेल, तर आधी मार्कंड्यापासून सुरुवात करा. वही तीच, रकाने तेच.