‘वाडा’ आणि ‘वाडी’ : एका शब्दाचा विस्तार

पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून तयार झाला आणि पेशव्यांच्या सत्तेचे ते केंद्र बनले. त्याच पुण्याच्या परिसरात पावसाळा संपल्यावर धनगरांचे तांडे उतरतात आणि उघड्या रानात मेंढ्या बसवतात. त्या मुक्कामालाही ‘वाडा’च म्हणतात. एका वाड्याला दगडी बुरूज आहेत, तर दुसऱ्याला केवळ जाळीचे किंवा काट्यांचे कुंपण. तरीही शब्द एकच आहे.

‘वाडी’ या शब्दाची व्याप्ती तर याहून मोठी आहे. देशावर वाडी म्हणजे मूळ गावापासून दूर, शेतांच्या जवळ वसलेली लहान वस्ती. कोकणात गावाच्या प्रत्येक विखुरलेल्या भागाला वाडी म्हणतात आणि घरामागील नारळी-पोफळीच्या बागेलाही वाडीच म्हणतात. ‘तो वाडीत गेला’ या वाक्याचा अर्थ तेथे प्रसंग पाहूनच लावावा लागतो. गोव्यात तिचा ‘वाडो’ होतो. मुंबईत गिरगावातील खोताची वाडी महानगराच्या मध्यभागी आपले नाव टिकवून आहे. डोहाळजेवणात गर्भवतीला घालावयाचे फुलांचे दागिने ही ‘फुलांची वाडी’. येथे बागेचाच अर्थ लक्षणेने आला असावा. कोकणात पितरांना दाखवावयाच्या पानालाही वाडी म्हणतात. मात्र त्या वाडीचे नाते ‘वाढणे’ या क्रियापदाशी असणे अधिक संभवते.

शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा. त्यावरून ‘वाटिका’ आली. दोन स्वरांमधील ‘ट’चा मराठीत ‘ड’ होतो. ‘वट’चा वड झाला, ‘कपाट’चे कवाड झाले, तसाच ‘वाट’चा वाडा. (रस्ता या अर्थाची मराठी ‘वाट’ निराळी आहे. ती ‘वर्त्म’पासून आली असून तेथे प्राकृतात ‘ट्ट’ हे जोडाक्षर असल्याने ‘ट’ टिकून राहिला. विद्यार्थ्यांना वर्णपरिवर्तनाचा नियम समजावून देण्यास ही जोडी फार सोयीची आहे.) परंतु संस्कृत ‘वाट’ स्वतः कोठून आला? ‘वेढणे’ या अर्थाच्या ‘वृ’ धातूकडे काही अभ्यासक बोट दाखवतात. दुसरीकडे, गावाचा भाग या अर्थी संस्कृतात ‘पाटक’ आहे. आपला ‘पाडा’ आणि बंगालमधील ‘पाडा’ हे त्याचेच वंशज. तमिळ व कन्नडमध्ये वस्ती या अर्थाचा ‘पाडि’ आहे. यांपैकी कोणी कोणाकडून घेतले, हा वाद मिटलेला नाही. मारवाड, काठियावाड, विजयवाडा ही नावे पाहिली, तर कोणत्याही एका भाषेने या शब्दावर पूर्ण मालकी सांगणे धाडसाचेच ठरेल.

शासकीय व्यवहारात मात्र अर्थाची अशी सैल सोडवणूक चालत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये ‘वाडा जमीन’ म्हणजे गुरे बांधण्यासाठी अथवा पीक, वैरण, खत इत्यादी साठविण्यासाठी वापरली जाणारी गावठाणातील मोकळी जागा. उताऱ्यातील ‘वाडा’ वाचून चौसोपी इमारत डोळ्यांसमोर आणणारा नवा कर्मचारी तेथे चुकू शकतो.

या शब्दाची दुसरी बाजू अधिक वेदनादायक आहे. कुंपण जसे आतल्यांना राखते, तसे बाहेरच्यांना वेगळेही काढते. ‘वाडा’ या शब्दामागे जातीचे नाव जोडून गावोगावी माणसांना शिवेजवळ ठेवले गेले आणि तीच नावे पत्त्यांत, दाखल्यांत व मुलांच्या शाळेच्या नोंदीत उतरत राहिली. वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे त्या वेळी सुचविण्यात आली. फलक बदलणे सोपे आहे. जुन्या नोंदवह्या आणि रोजची जीभ बदलण्यास वेळ लागतो.

अनुसूचित क्षेत्रात याच कुळातील ‘पाडा’ या शब्दाला वेगळे वजन आले आहे. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने पाडा किंवा पाड्यांचा समूह हेही गाव ठरू शकते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यातील मतदार बहुमताने ठराव करून तशी मागणी करू शकतात. ती मान्य होऊन पाडा गाव म्हणून घोषित झाला की त्याची स्वतःची ग्रामसभा भरते.