सायकलस्वार कोणाच्या हिशेबांत?

सायंकाळची वेळ असावी, पेठेंत गिऱ्हाइकांची गर्दी असावी, आणि तींतून एखादा तरुण, एका मित्रास पुढें दांडीवर व दुसऱ्यास मागें बसवून, घंटीऐवजीं तोंडानेंच आरोळी ठोकीत सायकल दामटीत निघावा, हा देखावा देऊळगांव राजा येथील कोणत्याही दुकानदारास अपरिचित नाहीं. म्हातारीं माणसें भिंतीस टेकून उभीं राहतात, भाजीवाली आपली पाटी मागें ओढते, दोनचार शिव्यांची देवघेव होते, आणि पुढच्या क्षणीं सर्व विसरलें जातें. परंतु हाच स्वार पेठ ओलांडून जालना-चिखली रस्त्यावर येतो व तोच खेळ मालमोटारींसमोर करूं लागतो, तेव्हां त्याचा शेवट नेहमींच शिव्यांत होत नाहीं. आज ह्या विषयावर आम्ही लिहीत आहों तें कोणा एका पोरास दटावण्यासाठीं नव्हे. त्या पोराची बेफिकिरी आणि त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टि यांचें मूळ एकच आहे, आणि तें उपटल्याखेरीज दंड, उपदेश वा हळहळ यांपैकीं कशाचाही उपयोग व्हावयाचा नाहीं, असें आमचें मत आहे.

अपघात झाल्यावर चौकांत जमणाऱ्या मंडळींचें बोलणें वाचकांनीं एकदां लक्ष देऊन ऐकावें. एक पक्ष म्हणतो, 'सायकलवाला! ह्यांना रस्त्यावर येऊं देतो कोण?' दुसरा म्हणतो, 'अहो, गरीब बिचारा सायकलवाला, त्याला कसला आला आहे कायदा?' पहिल्या उद्गारांत तुच्छता आहे, दुसऱ्यांत दया आहे. परंतु दोहोंचा मथितार्थ एकच कीं, सायकलस्वार हा वाहन चालविणारा जबाबदार मनुष्य नव्हे. त्याची गणना मोटारवाल्यांत होत नाहीं व पादचाऱ्यांतही होत नाहीं. ज्यास समाज आपल्या हिशेबांत धरीत नाहीं, तो समाजाचे नियम आपल्या हिशेबांत कां धरील?

'सायकलीस कायदा नाहीं' हा समज चांगल्या शिकलेल्या लोकांतही दृढ आहे, म्हणून त्याचा निकाल प्रथम लावला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत 'मोटार वाहन' ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत पायांनीं चालविण्याची सायकल येत नाहीं. म्हणून तिला परवाना नको, नोंदणी नको, विमा नको. २५० वॅटांहून कमी शक्तीची व ताशीं २५ किलोमीटरांपलीकडे न धांवणारी विजेची सायकलही ठराविक अटींवर ह्या सवलतीस पात्र आहे. येथपर्यंत खरें, परंतु त्यावरून लोक जें अनुमान काढतात तें साफ खोटें आहे. १८६० च्या दंडसंहितेचें २७९ वें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमांत उतरलें आहे. तें केवळ मोटारीपुरतें नाहीं. सार्वजनिक रस्त्यावर कोणतेंही वाहन मनुष्याच्या जिवास धोका पोंचेल अशा अविचारानें वा निष्काळजीपणानें हांकणें हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यांतील डावी बाजू धरून चालण्याचा नियमही मोटारीपुरता नाहीं. म्हणजे सरकारनें सायकलस्वारास परवान्याच्या कटकटींतून सोडलें आहे, जबाबदारींतून सोडलेलें नाहीं. गरिबाचें वाहन स्वस्त व सुटसुटीत राहावें म्हणून दाखविलेला तो विश्वास आहे. त्यास मोकाट सुटण्याची सनद समजणें म्हणजे उपकार करणाऱ्याच्याच घरांत चोरी करणें होय.

वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल कीं, एके काळीं राज्यांतील कित्येक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत व त्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलीस अडकवावा लागे. रात्रीं बिनदिव्याची सायकल किंवा 'डबलसीट' दिसली कीं पोलीस शिपाई हटकी, आणि दिवा विझलेला स्वार चौक येण्यापूर्वींच खालीं उतरून पायीं चालूं लागे. 'सायकलींचें शहर' म्हणून नांवाजलेल्या पुण्यांत तर हा प्रसंग विनोदी लेखकांस विषय पुरविण्याइतका नित्याचा होता. त्या दंडाची भीति असे, पण त्या भीतींत एक मानही होता. सायकलस्वार हाही रस्त्याचा एक वाटेकरी आहे, असें त्यांत गृहीत धरलेलें असे. कर गेला तें बरेंच झालें. परंतु कराबरोबर दिवाही गेला, हें मात्र वाईट झालें.

कायद्याचा आणखी एक भाग हिशेबी लोकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. अपघातांत मेलेल्याचा स्वतःचाही दोष असेल, तर वारसांस मिळणाऱ्या नुकसानभरपाईंतून तेवढा वाटा वजा होतो. मुंबईंतील एका तरुण सायकलस्वाराच्या मृत्यूच्या प्रकरणांत २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बसचालकाचा दोष कायम ठेवूनही, स्वारानें रहदारीचे नियम मोडल्याबद्दल भरपाईची रक्कम कमी केली. न्याय म्हणून हें बरोबरच आहे. पण ज्या बापाचा मुलगा गेला, त्यानेंच कचेरींत बसून मुलाचा अपराध रुपयांत किती आणे होता ह्याचा वाद ऐकावा, ह्याहून कठीण प्रसंग तो कोणता? पोरास सायकल घेऊन देणाऱ्या प्रत्येक पालकानें तिला दिवा व ब्रेक आहेत कीं नाहींत हें पाहण्यापूर्वीं एवढा प्रसंग मनांत आणावा.

येथवर वाचून मोटारवाले वाचक समाधानानें मान डोलवीत असतील. त्यांनीं जरा थांबावें. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत पादचारी ३२,८२५ होते आणि सायकलस्वार चार हजारांहून अधिक. एकंदर मृत्यूंपैकीं दहांत सात अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत, आणि अतिवेग हा कांहीं सायकलीचा दोष नव्हे. सायकलस्वार चुकला तर बहुधा तो स्वतः मरतो. मोटारवाला चुकला तर दुसरा मरतो. दोघांच्या चुका एकाच तराजूंत घालणें हा न्याय नव्हे. ज्याच्या हातीं अधिक शक्ति, त्याच्यावर अधिक सावधगिरीचें ओझें, हा व्यवहाराचा नियम आहे. पुढें सायकल दिसतांच कर्कश भोंगा वाजवून तिला गटारांत ढकलावयाचें, आणि ती अडखळली म्हणजे 'ह्यांना शिस्तच नाहीं' असें म्हणावयाचें, ही रीत सोडली पाहिजे.

१ जुलै २०२३ रोजीं आपल्या शेजारीं सिंदखेड राजा तालुक्यांत समृद्धि महामार्गावर बस पेटून २५ प्रवासी प्राणांस मुकले, तेव्हां सारा महाराष्ट्र हळहळला. ती हळहळ योग्यच होती. परंतु चार हजारांवर सायकलस्वार एकेकटे, निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या दिवशीं मरतात, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत येत नाहींत. वर्तमानपत्रांतही त्यांस चार ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं. हा दोष आमच्या धंद्याचाही आहे, हें आम्ही कबूल करतों.

आमच्या व्यापारी वाचकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत, आणि ते त्यांनीं रागावून न जातां ऐकावे. दुकानाची पायरी ओलांडून माल रस्त्यावर येतो, त्यापुढें गिऱ्हाइकाची मोटारसायकल उभी राहते, त्यापुढें हातगाडी. डावी बाजू अशी नाहींशी झाल्यावर सायकलस्वारानें कायद्यानें सांगितलेली डावी बाजू धरावी तरी कशी? तो मध्यभागीं येतो तो पुष्कळदां उद्दामपणानें नव्हे, तर निरुपायानें. तसेंच दुकानांतील पोऱ्यास दोन्ही हँडलांस पिशव्या व मागें पोतें बांधून 'लौकर जा' म्हणून पिटाळतांना एवढें पाहावें कीं, त्यास ब्रेक दाबण्यास बोट मोकळें आहे काय?

आणि आतां एका निराळ्याच स्वाराची गोष्ट. मानव विकास कार्यक्रमाखालीं राज्यांतील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस शाळेस जाण्यासाठीं सायकली दिल्या जातात. जी मुलगी एरवीं सातवीनंतर घरीं बसली असती, ती आज दप्तर लावून तीनचार मैल सायकलीनें शाळेस जाते. समाजसुधारणेचीं शंभर व्याख्यानें जें करूं शकलीं नाहींत, तें दोन चाकांनीं केलें आहे. पण रस्ता निर्धास्त नसेल तर पहिल्याच अपघातानंतर आईबाप सायकल अडगळींत टाकतील व मुलीस घरीं बसवितील. म्हणून बेफाम स्वार व बेदरकार मोटारवाला हे दोघे केवळ हातपाय मोडीत नाहींत. ते मुलींच्या शिक्षणाचा रस्ता बंद करीत आहेत.

ह्या बाबतींत हॉलंड देशाचें उदाहरण घेण्यासारखें आहे. तेथें १९७१ ह्या एका वर्षांत चारशेंहून अधिक मुलें रस्त्यावर मेलीं, तेव्हां आईबाप रस्त्यावर उतरले व 'मुलांची हत्या थांबवा' अशी चळवळ त्यांनीं उभारली. तिच्या रेट्यानें सायकलींसाठीं निराळे मार्ग झाले; आणि तेथील शाळकरी मुलांची सायकल चालविण्याची व रहदारीच्या नियमांची परीक्षाही होते. रस्ता दिला आणि शिस्तही मागितली. आपण दोहोंपैकीं एकही करीत नाहीं, आणि दोष मात्र नशिबास देतों.

करावयाचें काय, तें अवघड नाहीं. प्रत्येक शाळेनें वर्षाच्या आरंभीं एक दिवस सायकलींची तपासणी करावी. ब्रेक, घंटी, पुढें दिवा व मागें लाल परावर्तक पाहावा, आणि डावी बाजू, वळतांना हात दाखविणें व एका सायकलीवर एकच स्वार, हे नियम मुलांकडून गिरवून घ्यावे. नगरपरिषदेनें पेठेंतील व शाळांजवळील रस्त्यांची डावी कड मोकळी करावी, व व्यापाऱ्यांनीं ती मोकळी ठेवावी. पोलिसांनीं बिनदिव्याच्या सायकलीस पहिल्या वेळीं ताकीद द्यावी. दुसऱ्या वेळीं मात्र मुळींच सोडूं नये. कोणी म्हणेल, गरिबास दंड कां? त्यास आमचें उत्तर असें कीं, गरिबास दंड नको असेल तर दिवा द्या. आश्विनांत श्रीबालाजीच्या यात्रेस एवढा जनसमुदाय लोटतो. त्या वेळीं अन्नदानाबरोबर एखाद्या दानशूरानें सायकलींस परावर्तक वांटले, तर तेंही पुण्यकर्मच होईल.

सायकलस्वारास आमचें सांगणें एवढेंच कीं, बाबा, तुझ्या वाहनास नंबर नसला तरी तुझ्या जिवास मोल आहे. आणि इतरांस सांगणें हें कीं, त्याचें तें मोल अपघातानंतर भरपाईच्या अर्जांत मांडण्यापेक्षां आजच रस्त्यावर मान्य करा. जो हिशेबांत धरला जातो, तोच हिशेबानें वागतो.