मेणाच्या बोलीवर

‘ब्र्रर्र-हम्!’ आधी घरघर, मग तोंड मिटून हुंकार. मोझांबिकच्या उत्तरेला नियासाच्या रानात आमच्यापुढे चाललेले याओ जमातीचे म्हातारबाबा दर थोड्या वेळाने ही हाळी देत होते. बापाकडून शिकलेली. ऊन चढत होतं आणि उत्तर म्हणून काही येत नव्हतं. मग एकदम डोक्यावर खडखडाट झाला, भरलेली काडेपेटी हलवावी तसा. मधाची वाट दाखवणारा हनीगाइड पक्षी आला होता.

पाखरू म्हणाल तर बुलबुलाएवढं, मातकट. उडताना शेपटीच्या कडांची पांढरी पिसं तेवढी उठून दिसतात. फांदीवर बसून ओरडायचं, माणसं जवळ आली की पुढचं झाड गाठायचं. ते गप्प झालं तसे सगळे थांबले आणि माना वर करून ढोल्या न्याहाळू लागले. एकीच्या तोंडाशी माश्यांची ये-जा दिसली.

सुक्या काटक्या हिरव्या पाल्यात बांधून पेटवल्या, लांब काठीच्या टोकाला लावून धूर ढोलीशी धरला आणि कुऱ्हाड चालली. पोळ्यासाठी आख्खं झाड आडवं होतं, ते काही मला बघवलं नाही. मध माणसांनी घेतला. मेणाचे तुकडे मात्र म्हातारबाबांनी हिरव्या पानांवर नीट मांडून ठेवले. ही पाखराची मजुरी. मेण पचवणारे पक्षी मोजकेच, त्यातला हा एक. 1588 साली जुआँव दुश सांतुश या पोर्तुगीज धर्मप्रसारकाने सोफाल्यात असंच पाखरू चर्चमध्ये शिरून मेणबत्त्या टोचताना पाहिलं होतं.

हाळीचा उपयोग संशोधक क्लेअर स्पॉटिसवूड यांनी इथेच मोजला. 2016 साली छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगात इतर आवाजांनी पाखरू वाट दाखवण्याची शक्यता 33 टक्के होती, या हाळीने ती 66 टक्क्यांवर गेली. टांझानियातले हाडझा शिट्टी घालतात, तर तिथली पाखरं शिट्टीलाच जास्त ओ देतात. हे आईबापांनी शिकवलं म्हणावं, तर हनीगाइड अंडी घालतो दुसऱ्याच्या घरट्यात, आणि डोळेही न उघडलेलं पिल्लू चोचीच्या आकड्याने घरमालकाची पिल्लं मारून टाकतं. असल्या जिवाशी दोस्ती वगैरे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रोकडा व्यवहार आहे.

हाडझा तर मेण बऱ्याचदा पुरतात नाहीतर जाळतात. पोट भरलं तर पाखरू दुसरं मोहोळ कशाला दाखवेल, हा त्यांचा हिशेब. म्हातारबाबांचं उलट: मजुरी बुडवली तर उद्या हाकेला येणार कोण?